पुसलेली द्राक्षं

नाशिकला निघताना बॅगेत स्वेटर भरला नाही आणि फडकं मात्र भरलं, यावरूनच माझी अक्कल कळावी. फडकं म्हणजे जुन्या मलमलच्या साडीचं, धुऊन धुऊन सायीसारखं मऊ झालेलं. आमच्याकडे राजापूरच्या बाजूला आंबा पेटीत घालण्याआधी असल्या फडक्याने पुसतात. आंब्यात गिऱ्हाइकाला तोंड दिसलं पाहिजे, असं सासूबाई म्हणायच्या आणि लग्न होऊन आल्यापासून दर हंगामात मी तेच करत आले. माझ्या हाताला गप्प बसायची सवय नाही. तोंडालाही नाही.

सेहेचाळिसाव्या वर्षी मी विद्यापीठाच्या कृषी व्यवसाय व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमाला नाव घातलं. पहिल्या दिवशी वर्गात शिरले तर पोरं उठून उभी राहिली, त्यांना वाटलं शिकवायला बाई आल्या. मी शेवटच्या बाकावर जाऊन बसले तेव्हा कुठे बसली. दुसऱ्या सहामाहीत एक आठवडा एखाद्या पॅकहाउसवर राहायचं, म्हणजे जिथे फळं निवडून, पेटीत भरून परदेशी पाठवतात तिथे, आणि अहवाल लिहायचा असतो. बाकीच्यांनी जवळची आंब्याची ठिकाणं धरली. मी म्हटलं, आंब्यातलं मला कोण काय शिकवणार? आपण द्राक्षं बघू. सरांनी ओळखीतून पिंपळगाव बसवंतजवळचं एक पॅकहाउस मिळवून दिलं आणि राहायची सोय तिथेच पेट्या भरणाऱ्या बायकांच्या प्रमुख अलकाताईंच्या घरी केली.

नाशिक, रविवार

पहाटे बसमधून उतरले आणि पहिला धक्का थंडीचा. फेब्रुवारी महिना, आमच्याकडे या दिवसांत पंखा लागतो. इथे रिक्षावाले कानटोपी घालून शेकोटीभोवती बसलेले. मी सुती साडीत, खांद्यावर पदर घट्ट ओढून, दात वाजवत उभी. एका रिक्षावाल्याने मला विचारलं की मावशी, कोकणातून आल्या का? मी म्हटलं, कशावरून? तर म्हणाला, स्वेटर नाही त्यावरून.

ऊब यावी म्हणून मिसळ मागवली. सोबत पापड आला, दही आलं, वाटीत काळसर रस्सा आला, आणि पहिल्याच घासाला माझ्या डोळ्यांतून आणि नाकातून एकदम पाणी आलं. समोरच्या बाकावर शाळेतली एक मुलगी तोच रस्सा वाटीला तोंड लावून पीत होती. मी हॉटेलच्या पोऱ्याला ओला नारळ घातलेलं काही मिळेल का म्हणून विचारलं, तर त्याने मालकाकडे पाहिलं आणि मालकाने माझ्याकडे. पुढे कळलं की इथे खोबरं असतं, पण सुकं. ते भाजून काळं करतात आणि मसाल्यात वाटतात. खोबरं जाळायचं? माझ्या सासूबाई असत्या तर तिथेच उठल्या असत्या.

पिंपळगाव बसवंत

महामार्गाच्या दोन्ही बाजूंना शीतगृहं, पत्र्याच्या शेड आणि क्रेट लादलेले टेम्पो. आणि वास कांद्याचा. तो कपड्यांत शिरला तो मी घरी येऊन तीनदा धुतल्यावर गेला.

अलकाताई अडतीस-चाळीसच्या, उंच, काटक. दारातच त्यांनी माझी बॅग काढून घेतली आणि आतून स्वेटर आणून माझ्या अंगावर टाकला. रात्री बाजरीची भाकरी, ठेचा आणि वांग्याची भाजी. मी भात कधी येतो याची वाट पाहत हळूहळू जेवले. भात आलाच नाही. आपल्याकडे भातावाचून जेवण पूर्ण होत नाही, इथे भात म्हणजे पाहुण्याच्या हट्टापायी शिजवायची गोष्ट. दुसऱ्या दिवसापासून त्या माझ्यासाठी वाटीभर भात वेगळा लावू लागल्या.

सोमवारी सकाळी त्यांच्या यजमानांच्या ट्रॅक्टरवर बसून मी कांद्याचा लिलाव पाहायला गेले. आमचा आंबा मुंबईच्या बाजारात जातो तेव्हा भाव फडक्याखाली ठरतो. घेणारा आणि विकणारा फडक्याखाली एकमेकांची बोटं दाबतात, बाजूच्याला पत्ता लागत नाही. इथे सगळं उघड्यावर. ट्रॉल्यांची रांग, व्यापाऱ्यांचा घोळका, एकजण ओरडतोय, बाकीचे वरचढ ओरडतायत. आमच्या ट्रॉलीपाशी घोळका आला, कुणी चार कांदे उचलले, चोळले, आरडाओरडा झाला आणि घोळका पुढे गेला. मी म्हटलं, आता लिलाव कधी? यजमान म्हणाले, झाला की. चार महिन्यांची मेहनत आणि मी चष्मा पुसत होते तेवढ्यात सौदा संपला. त्या दिवशी माझ्या वहीत मी फक्त एक ओळ लिहू शकले.

संध्याकाळी भाकऱ्या थापताना अलकाताईंनी आपली गोष्ट सांगितली. पॅकहाउसवर आजवर टोळ्या आणायचा तो बाहेरचा मुकादम. बायकांचं काम, कमिशन त्याचं. यंदा अलकाताईंनी गावातल्या अकरा जणी जमवल्या आणि थेट कंपनीच्या साहेबांना जाऊन सांगितलं की आमचं आम्ही बघू, मधला माणूस नको. साहेबांनी एक अट घातली. सोमवार ते शनिवार, सहा दिवस, एकही तक्रार आली नाही तर अख्खा हंगाम त्यांच्या टोळीचा. तक्रार आली तर मुकादमाला बोलावणार. तो सोमवार आजचाच होता.

"सहा दिस नीट गेले ना ताई, तर बारा घरं आमची आमी चालवू," असं त्या म्हणाल्या आणि भाकरी उलटली.

दारातल्या टिकल्या

पॅकहाउसच्या दारात मंगळवारी जे पाहिलं त्याने मी हबकलेच. बायका आत जाण्याआधी बांगड्या काढत होत्या. हिरव्या काचेच्या बांगड्या, एकेक करून, साबण लावून, डब्यात. मंगळसूत्र ब्लाउजच्या आत. डोक्याला टोपी, तोंडाला फडकं, अंगावर ॲप्रन. आणि सगळ्यात शेवटी कपाळावरची टिकली काढायची आणि दाराच्या लोखंडी चौकटीवर चिकटवायची. टिकली पेटीत पडली तर परदेशातून अख्खी पेटी परत येते. संध्याकाळी बाहेर पडताना जिची तिने आपली टिकली उचलायची आणि कपाळाला लावायची. चौकटीवर बारा टिकल्या म्हणजे आत बारा जणी. हजेरीची वही वेगळी होती, पण साहेबसुद्धा येता-जाता टिकल्याच मोजायचे.

हे साहेब म्हणजे अट घालणारेच, मालाची क्वालिटी तपासणारे, तिशीतले, शिडशिडीत. माझाच अभ्यासक्रम त्यांनी दहा वर्षांपूर्वी केलेला. म्हणून मला जरा मान होता, पण नियम नियमच. माझ्या परवानगीच्या पत्रात स्पष्ट लिहिलेलं, काचेबाहेरून पाहावे. मी तीन दिवस काचेला नाक लावून बसले.

आत जे चालायचं ते बघून माझा जीव तुटायचा. द्राक्षाला हात लावायचाच नाही. घड देठाला धरायचा, कात्रीने आतले बारके, तडकलेले, उन्हाने भाजलेले मणी काढायचे, बाकीचे पारदर्शक डब्यात अलगद उतरवायचे. मणी प्लास्टिकच्या एका कड्यातून आरपार गेला की तो बारका, गेला खाली. खाली पडणारी द्राक्षं गोड, रसरशीत! आमच्या गावात तेवढ्या द्राक्षांवर लग्न उरकलं असतं. आणि ज्यांची एवढी बडदास्त ती पेटीतली द्राक्षं मात्र धुरकट, पांढरट, धूळ बसल्यासारखी. मी मनात म्हटलं, एवढा सोपस्कार करतात आणि साधं पुसत नाहीत. औषध मारतात त्याची पावडर असणार. वहीत मी ठळक लिहिलं, सुधारणेस वाव.

कुणाला विचारलं का? नाही. विचारायचं ते अडाण्यांनी, मी तर आंब्यातली जाणकार.

शुक्रवार

गुरुवारी रात्री मी अलकाताईंच्या मागे लागले. काचेतून काय डोंबल कळणार, एक दिवस आत घ्या, कोपऱ्यात उभी राहीन. त्यांनी दोनदा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा मी म्हटलं की मग माझा अहवाल तो काय होणार. पाहुणी एवढं तोंड वेंगाडतेय आणि आपण नाही म्हणायचं, हे त्यांना जमेना. सकाळी साहेब शेतावर गेलेले. अलकाताईंनी मला टोपी दिली, ॲप्रन दिला. मी बांगड्या काढल्या, आयुष्यात पहिल्यांदा, बाळंतपणातही काढल्या नव्हत्या. टिकली काढून चौकटीवर लावली, तेरावी. तपासायचं होतं ते त्यांनी सगळं तपासलं, फक्त कमरेला खोचलेलं माझं फडकं ॲप्रनखाली राहिलं.

दुपारी बायका बाहेर जेवायला गेल्या. मी म्हटलं, मला भूक नाही, इथेच टेकते. अलकाताई म्हणाल्या, बसा, पण कशाला हात लावू नका. टेबलावर भरून तपासून झालेल्या पेट्या उघड्या होत्या. जेवण झाल्यावर त्यांच्यावर कागद घालून झाकणं लावायची, एवढंच उरलं होतं. आणि समोर ती धुरकट द्राक्षं.

मी हात लावला नाही. खरंच नाही लावला. नियमाप्रमाणे घड देठाला धरला आणि फडकं ओलं करून पुसला. आहाहा, काय चमकला! हिरवी काच. मग दुसरा. मग शेजारच्या पेटीतला. पुसत गेले, गुणगुणत गेले, पुसून झालेल्या पेटीवर कागद घालून झाकण लावून थप्पीत नेऊन ठेवत गेले. बायका परत आल्या तेव्हा अर्ध्याहून जास्त पेट्या बंद होत्या. अलकाताईंनी विचारलं तर मी म्हटलं, झाकणं लावली हो, तेवढीच मदत. त्या माझ्याकडे पाहून हसल्या. चांगुलपणाने हसल्या. ते हसू मला अजून आठवतं.

तीनच्या सुमारास साहेब आले. ते रोज थप्पीतल्या मधल्याच कुठल्यातरी दोन-चार पेट्या उघडून बघायचे. पहिली उघडली, ठीक. दुसरी उघडली आणि ते वाकले. एक मणी प्रकाशात धरला. मग अलकाताईंना हाक मारली आणि पेटी पुढे केली. अलकाताईंचा चेहरा पांढराफटक पडला. मला वाटलं, आता कौतुक होणार. देवा, मला खरंच तसं वाटलं!

साहेब हळू आवाजात बोलत होते, म्हणून सगळ्या शेडला ऐकू आलं. ती पांढरी झाक औषधाची नव्हे. ती द्राक्षाने स्वतःच्या अंगावर धरलेली असते, मेणासारखी. तिच्यामुळे मण्यातलं पाणी आत राहतं. बोट लागलं तरी ती जाते आणि एकदा गेली की परत येत नाही. बोटीतला प्रवास तीन-तीन आठवड्यांचा. पुसलेला ओला मणी पहिला सडतो आणि मग सगळी पेटी. ती झाक बघूनच तिकडचा माणूस ठरवतो की फळ ताजं आहे की हाताळलेलं. तीन दिवस मी काचेतून बघत होते ते हेच, की बारा बायका ती झाक जपतायत. आणि मी वहीत लिहिलं होतं, सुधारणेस वाव.

फडकं कमरेला ओलं लागत होतं.

साहेबांनी विचारलं, हे कोणी केलं? बायका माझ्याकडे बघतही नव्हत्या. आणि माझं हे तोंड, जे झोपेतही मिटत नाही असं आमचे हे म्हणतात, ते मिटलं. किती वेळ कोण जाणे, दोन श्वास असतील. तेवढ्यात अलकाताई म्हणाल्या, "माझ्याकडून झालं."

साहेब दाराकडे गेले आणि चौकटीवरच्या टिकल्या मोजल्या. परत आले.

"तेरावी कोणाची?" त्यांनी विचारलं.

तेव्हा कुठे मी बोलले. फडकं काढून टेबलावर ठेवलं, सगळं सांगितलं, यांना काही माहीत नव्हतं, मीच हट्ट केला, मला काय ती शिक्षा करा, असं एका दमात म्हणून टाकलं. मला वाटलं होतं, खरं बोललं की सुटका होते. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मॅडम, तुम्ही विद्यार्थी. तुमच्या चुकीतून तुमचा अहवाल होईल," ते म्हणाले. "पण तुम्हाला आत कोणी घेतलं, हे मला लिहावंच लागेल."

किती पेट्या पुसल्या, हे त्यांनी विचारलं आणि मला सांगता येईना. मोजल्याच नव्हत्या. म्हणजे थप्पीतली प्रत्येक पेटी उघडायची. पाचला माल थंड करायच्या खोलीत गेला नाही तर त्याचा बोटीकडे जाणारा कंटेनर चुकणार. अलकाताईंनी पहिली थप्पी खाली घेतली आणि अकरा जणी धावल्या. मला कोणी हाकललं नाही आणि कोणी बोलावलंही नाही. मी काचेबाहेर जाऊन उभी राहिले, जिथे मी पहिल्यापासून असायला हवं होतं. उघड, बघ, चमकणारं बाजूला काढ, दुसरा घड घाल, बंद कर. कोणी पाणी प्यायली नाही. पाचला पाच मिनिटं असताना शेवटची पेटी आत गेली.

माल वाचला. तक्रार मात्र लिहिली गेली होती. शनिवारी येऊ नका, असं साहेबांनी दारातच सांगितलं. सांगताना त्यांनाही जड जात होतं, ते खाली बघत होते. बायकांनी चौकटीवरून आपापली टिकली उचलली आणि लावली. मी तशीच, भुंड्या कपाळाने, त्यांच्या मागून चालत घरी आले.

निघताना

रात्री ताटात भाकरी होती, शेजारी वाटीभर भातही होता. त्या भाताने मला रडवलं. अलकाताई माझ्याशी बोलत नव्हत्या, पण भात लावायला विसरल्या नव्हत्या. मी माफी मागायला लागले तर त्यांनी हातानेच थांबवलं.

सकाळी बस थांब्यावर त्या मला सोडायला आल्या. बस लांबून दिसली तेव्हा बोलल्या.

"ताई, खरं सांगते, लय राग आला मला. पाहुणी म्हणून गिळला. पण गिळला म्हंजी गेला असं नाय." मग त्यांनी मोबाइल पुढे केला. मोबाइलच्या पाठीला माझी टिकली चिकटवलेली होती. "ही तुमची चौकटीवरच राहिली व्हती."

मी ती कपाळाला लावली. गोंद संपला होता, नाशिक सुटायच्या आत ती कुठेतरी पडली.

घरी

अहवालाच्या छापील फॉर्मात एक रकाना असतो, नुकसानीचे कारण. पुढे तीन पर्याय, हवामान, वाहतूक, मजूर. खूण करायची. आम्ही वर्गात किती सहज मजूर या शब्दापुढे खुणा केल्या होत्या, सगळ्या उदाहरणांत. मी तिन्हींवर काट मारली, चौथी चौकट पेनाने आखली आणि लिहिलं, शिकायला आलेली बाई. बाकी जे झालं ते जसंच्या तसं लिहिलं, माझ्या त्या दोन श्वासांच्या गप्प बसण्यासकट.

सरांनी पैकीच्या पैकी गुण दिले आणि वर्गात वाचून दाखवलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. साहेब म्हणाले होते अगदी तसंच झालं. चूक माझी, गुण मला, आणि पिंपळगावच्या बारा घरांचा हंगाम मुकादमाकडे. मला तिथे बसवेना. मी पाणी प्यायच्या निमित्ताने बाहेर गेले ती तास संपेपर्यंत आले नाही.

मार्चअखेर आमचा पहिला आंबा उतरला. सवयीने मी नवं फडकं घेतलं, पहिलं फळ हातात धरलं आणि थांबले. झाडावरून नुकत्या आलेल्या त्या आंब्यावर एक फिकट, धुरकट झाक होती. देठाजवळ जास्त, खाली विरळ. बोट फिरवलं, तिथे हिरवा पट्टा उमटला आणि झाक परत आली नाही. चोवीस हंगाम मी ती पुसत आले होते, सासूबाई त्यांच्या आयुष्यभर. आणि दर वर्षी आम्ही म्हणायचो, आंबा टिकत नाही, हवा बदलली. नाशिकला एवढे धक्के खाऊन आले, पण खरा हा बसला, स्वतःच्या अंगणात, पायरीवर बसलेली असताना.

आमचे हे म्हणाले, अगो काय झालं, आंब्याकडे असं काय बघतेस? मी फोन उचलला.

अलकाताईंनी तिसऱ्या वेळेला घेतला. त्यांच्या आवाजात गोडवा नव्हता. मीही गोड बोलले नाही. सांगितलं की आमचा आंबा आम्ही आयुष्यभर चुकीचा हाताळतोय, फळाला हात न लावता पेटी भरणारी माणसं मला या मुलखात माहीत नाहीत, तुमच्याकडची द्राक्षं आवरत आली असतील, तर मेअखेरपर्यंतचं काम आहे, बारा जणींचं, मधला माणूस नाही. मजुरी तुम्ही सांगाल ती. आणि मी काचेबाहेर राहीन. काच नाही आमच्याकडे, पण राहीन.

पलीकडे मागे कुठेतरी टेम्पो रिव्हर्स घेत होता.

"तुमच्या खोलीला चौकट कशाची हाय?" अलकाताईंनी विचारलं. "लाकडाला टिकली धरत नाय."

मी वळून पाहिलं. आंब्याच्या खोलीचं दार गेल्या वर्षीच चौकटीसकट लोखंडी केलेलं, त्यावर पावसाळ्यापासूनची धूळ. लोखंडी आहे म्हटलं, आणि फोन ठेवून ती चौकट तेवढी पुसून घेतली.